अलिझे बघायला जाताय? मग नाकापासून नको, पोटापासून सुरुवात करा

गोव्यात दाबोळी एअरपोर्टच्या जवळ, बोगमाळोच्या रस्त्याला नेव्हीचं विमान म्युझियम आहे. तिथे गेलं की सगळे आधी सी हॅरियरकडे पळतात, मग त्या मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनजवळ फोटो काढतात, आणि ब्रेगे अलिझे नावाचं एक जाडसर, पोट सुटलेलं, पंख्याचं विमान असतं त्याच्याजवळून सरळ पुढे जातात. मीपण तेच केलं होतं. वर भाच्याला छाती काढून सांगितलं की बघ, हे तीन इंजिनांचं विमान, एक नाकात आणि दोन पंखांवर. तो म्हणाला मामा, मग त्या दोघांचे पंखे कुठायत? मी म्हटलं काढून ठेवले असतील. पोरगं गप्प बसलं पण त्याला काही ते पटलं नाही, आणि खरं तर त्याचंच बरोबर होतं.

त्यानंतर घरी येऊन बरंच वाचलं, फोटो बघितले, परत एकदा जाऊन आलो, आणि मग कळलं की हे विमान बघायची एक पद्धत आहे. फायटर विमान बघताना आपण नाकापासून शेपटीपर्यंत नजर फिरवतो आणि झालं, पण पाणबुडी शोधणारं विमान तसं बघून काही कळत नाही, कारण त्याचा सगळा जीव त्या फुगवट्यांमध्ये असतो. प्रत्येक फुगवट्याला कारण आहे. म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा, पोट आधी आणि नाक सगळ्यात शेवटी.

तर पहिलं काम म्हणजे सरळ खाली वाका. लाज वाटून घेऊ नका, लोक बघतील तर बघू देत. पंखांच्या मागच्या बाजूला पोटाखाली गोल जागा शोधा, तिथे रडारचा डोम आहे. हा डोम आत-बाहेर होणारा असतो, उडताना शोध घ्यायचा असला की खाली सोडायचा, जहाजावर उतरायच्या आधी वर ओढून घ्यायचा, नाहीतर डेकवर घासेल. तुम्ही बघाल ते विमान डोम आत घेतलेलं असेल तर नुसती गोल कड दिसेल, तेवढी दिसली तरी बास.

आता ही जागा रिकामी कशी काय मिळाली, यातच या विमानाची अर्धी जन्मकथा आहे. अलिझे ज्या विमानातून निघालं ते मुळात पाणबुडी शोधायला काढलेलंच नव्हतं. ब्रेगे कंपनीने फ्रेंच नेव्हीसाठी व्हल्टूर नावाचं हल्ला करणारं विमान बनवलं, ते पहिल्यांदा ३ ऑगस्ट १९५१ ला उडालं. त्या काळात जेट इंजिन प्रचंड इंधन प्यायचं आणि टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन, कमी पिणारं पण हळू, म्हणून त्यांनी दोन्ही बसवली, नाकात माम्बा टर्बोप्रॉप आणि मागे नीन जेट. म्हणजे फिरायचं असेल तर पुढचं इंजिन आणि पळायचं असेल तर मागचंपण चालू करा. डोकं चांगलं चाललं होतं पण तोपर्यंत नेव्हीचा विचार बदलला, हल्ला करायला पूर्ण जेट विमानं येऊ घातली होती आणि खरी काळजी सोव्हिएत पाणबुड्यांची होती. मग ब्रेगेने एका व्हल्टूरवरच पाणबुडीविरोधी कामाच्या ट्रायल घेतल्या, त्याला नाव दिलं एपोलार, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ किलर व्हेल. आणि मागचं जेट इंजिन काढून टाकल्यावर जी मोकळी जागा उरली तिथे रडार बसवलं. जुन्या घरातली चूल काढून तिथे फ्रिज ठेवतात ना, तसं. त्यातून जे नवं विमान झालं ते ६ ऑक्टोबर १९५६ ला पहिल्यांदा उडालं आणि त्याचं नाव अलिझे. अलिझे म्हणजे व्यापारी वारे, हो तेच, सातवी-आठवीच्या भूगोलात आपण पाठ केलेले. या असल्या गोलमटोल विमानाला इतकं हलकंफुलकं नाव देणं फ्रेंच लोकांनाच जमू जाणे.

रडारने पाणबुडी दिसते का, असा प्रश्न पडला असेल तर चांगलं आहे, कारण पाण्याखाली रडार चालतच नाही. पण तेव्हाच्या बहुतेक पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे पाण्याखाली बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी उतरली की डिझेल इंजिन चालवून चार्ज करायची, आणि डिझेलला हवा लागते. म्हणून पाणबुडी पाण्याच्या अगदी वर येते आणि स्नॉर्कल नावाची नळी तेवढी बाहेर काढते. ती नळी, नाहीतर पेरिस्कोप, समुद्रावर दिसणारी तेवढीच काय ती खूण, आणि अलिझेचं रडार तासन् तास तेच शोधत असायचं. लाटा उसळलेल्या असतील तर त्या गोंधळात एवढीशी नळी शोधायची म्हणजे काय ताप असेल, विचार करा. शिवाय पाणबुडीलासुद्धा रडारचा सिग्नल पकडता येतो, विमान लांब असतानाच तिला कळतं आणि ती खाली बुडी मारते. पण मजा अशी की बुडी मारली तरी विमानाचं निम्मं काम झालंच, कारण बॅटरी चार्ज झाली नाही आणि खाली पळायचं म्हटलं तर ती अजून संपणार. काही वेळा पाणबुडी बुडवायची गरजच नसते, तिला वर येऊ दिलं नाही म्हणजे झालं.

आता उठा आणि पंखाकडे या, आणि हीच ती जागा जिथे मी तोंडावर पडलो. दोन्ही पंखांना एकेक लांबोडकी शेंग दिसेल, पुढे गोल आणि मागे निमुळती, बघणाऱ्याला शंभर टक्के इंजिनच वाटावं अशी. ते इंजिन नाही! मागच्या भागात चाकं जातात, टेकऑफ झालं की मुख्य चाकं मागच्या बाजूला दुमडून या शेंगेत बसतात. आणि पुढच्या भागात सोनोबॉय भरलेले असतात. एका फुगवट्यात दोन कामं केलीत, आणि माझ्या मते अख्ख्या विमानात सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे, कारण जहाजावरच्या विमानात इंचइंच जागेची मारामारी असते. शेंगेच्या समोर उभे राहा, मग खाली बसून चाकाच्या दांड्याकडे बघा, तो कुठून वळतो आणि कुठे जाऊन बसेल हे नजरेने जुळवा. एकदा ते जुळलं की परत कधी इंजिन म्हणणार नाही.

सोनोबॉय म्हणजे काय ते थोडं नीट सांगतो कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. नळकांड्यासारखी वस्तू असते, विमानातून खाली टाकायची. पाण्यात पडली की वरचा भाग तरंगतो आणि त्याला अँटेना असते, खालून वायरीला बांधलेला हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला माइक खोल सोडला जातो. त्या माइकला जे ऐकू येईल ते रेडिओने वर विमानात जातं. पाणबुडीच्या प्रोपेलरचा, मशिनरीचा आवाज येतो का ते विमानातला माणूस हेडफोन लावून ऐकत बसतो. एक टाकला तर फक्त कुणीतरी आहे एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही, म्हणून एकामागे एक टाकत कुंपण घालायचं आणि कुठल्या बॉयवर आवाज वाढतोय कुठल्यावर कमी होतोय त्यावरून ती कुठे चाललीय याचा अंदाज बांधायचा. अंधाऱ्या खोलीत डास कुठेय ते कानाने शोधतो ना आपण, तसंच, फक्त खोली काही किलोमीटरची. काही सोनोबॉय स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, पण मग पाणबुडीलापण कळतं की कुणीतरी मागावर आहे. बॅटरी संपली की सोनोबॉय बुडून जातो, परत गोळा करायची भानगड नाही, म्हणजे किती घेऊन निघालात त्यावर तुमचा शोध किती वेळ चालणार ते ठरतं. त्यात समुद्रसुद्धा साथ देतोच असं नाही. वरचं पाणी गरम आणि खाली थंड असा थर बदलला की आवाज तिथे वाकतो आणि थराच्या खाली पाणबुडी निवांत लपते. आपल्याकडच्या गरम समुद्रात तर हा त्रास ठरलेलाच.

शेंगा झाल्या की परत पोटाकडे या, पण या वेळी डोमच्या पुढे बघा. तिथे दारं असलेला कप्पा आहे, हत्यारांचा. एक टॉर्पेडो, नाहीतर तीन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणारे बॉम्ब, एवढंच त्यात मावतं. पंखांखाली अजून रॉकेट, डेप्थ चार्ज किंवा मिसाइल लावायची सोय होती. तुम्ही म्हणाल फार नाही हे, आणि खरंच नाही, पण या आधी काय परिस्थिती होती ते बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन नेव्हीचं ग्रुमन गार्डियन होतं, त्यात रडार आणि बाकीचं शोधायचं सामान घातलं की टॉर्पेडोला जागा आणि वजन उरायचं नाही, म्हणून ती जोडीने उडायची, एक शोधणारं आणि एक मारणारं. एका कामाला दोन विमानं, दोन क्रू, आणि डेकवर दोन पार्किंग. १९५० च्या दशकात तीन देशांनी हे सगळं एकाच विमानात कोंबायचा प्रयत्न केला, ब्रिटनने गॅनेट, अमेरिकेने ट्रॅकर आणि फ्रान्सने अलिझे. तिघांची उत्तरं वेगळी आणि ती पंख्यावरून लगेच ओळखता येतात, त्याकडे शेवटी येतो.

कॉकपिट खालून नीट दिसत नाही, जरा लांब जाऊन बाजूने बघा. आत तीन माणसं. दोघं पुढे शेजारी-शेजारी, त्यातला एक पायलट, आणि तिसरा मागे आडवा तोंड करून बसतो, म्हणजे विमान पुढे चाललंय आणि हा बाजूला बघत यंत्रांशी बोलतोय. पाच तास आणि जास्तीचं इंधन असेल तर त्याहून जास्त वेळ हे असं बसायचं, रात्री, समुद्रावर खालून उडत, बाहेर काळंकुट्ट. मला बसमध्ये आडव्या सीटवर बसलं तरी मळमळतं, त्यामुळे त्या तिसऱ्या माणसाबद्दल मला विशेष आदर आहे.

मग पंखांचा सांधा शोधा. पंख सरळ ठेवलेले असतील तर मधे एक रेघ दिसेल, बिजागरीसारखी, आणि दुमडलेले असतील तर विचारायलाच नको. पूर्ण उघडे असताना या टोकापासून त्या टोकापर्यंत १५.६ मीटर आणि दुमडल्यावर फक्त ७ मीटर. हा आकडा नुसता वाचून सोडू नका, विमानाच्या समोर सात मीटर पावलांनी मोजा, साधारण नऊ-दहा पावलं, आणि मग बघा की एवढ्यात हे धूड कसं मावत असेल. नंतर शेपटीखाली जा, तिथे हुक आहे. जहाजावर उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या वायरी असतात त्यातली एक या हुकने पकडायची आणि विमान थोड्याच अंतरात थांबतं, नाही पकडली तर परत वर.

उतरायला हुक आणि उडायला कॅटापुल्ट. विमानाला जाड दोर अडकवायचे आणि वाफेच्या जोरावर कॅटापुल्ट त्याला ओढून डेकवरून फेकून द्यायचं, गलोलीतून खडा फेकावा तसं. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण आपल्याकडे अलिझेचं जहाजावरचं आयुष्य संपलं ते यामुळेच.

आपल्याकडची गोष्ट अशी. आपली विमानवाहू विक्रांत ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला नेव्हीत दाखल झाली, आणि त्याच महिन्यात २१ मार्चला फ्रान्समध्ये इएरला अलिझेची आपली स्क्वाड्रन उभी राहिली, आयएनएएस ३१०, नाव कोब्राज. म्हणजे ब्रिटिश बनावटीचं जहाज आणि त्यावर फ्रेंच विमान, शेजारी ब्रिटिश सी हॉक फायटर. सुरुवातीला बारा अलिझे घेतली. १९७१ च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिच्या बॉयलरला तडा गेलेला असल्यामुळे पूर्ण वेगाने जाता येत नव्हतं, आणि जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवर समोरून मिळणारा वारा कमी, म्हणजे विमान उडवायला अवघड. तरी सी हॉक आणि अलिझे दोन्ही उडाली. पाणबुडी शोधणं हे अलिझेचं मूळ काम, पण चितगाव, कॉक्स बझार या बाजूला त्यांनी बॉम्बहल्लेही केले. पाणबुडीची भीती काही पुस्तकी नव्हती, पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतच्याच मागावर आली होती आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली.

पश्चिमेला मात्र वेगळं घडलं. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर गेलेलं एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटर जेटने पाडलं. तिघेही परत आले नाहीत. कॉकपिट बघताना हे डोक्यात असू द्या. अलिझेचा टॉप स्पीड ताशी ५२० किलोमीटरच्या आसपास आणि स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, त्यात अलिझेकडे मागे बघायला ना बंदूक ना काही. पाणबुडी शोधणारं विमान हे हळू उडण्यासाठीच बनवलेलं असतं, तोच त्याचा गुण आणि तोच त्याचा घात.

पुढे सी हॅरियर आली, १९८३ पासून, आणि तिला कॅटापुल्ट लागतच नाही. विक्रांतला पुढच्या टोकाला चढ बसवायचं ठरलं, स्की जंप म्हणतात तो, आणि कॅटापुल्ट काढलं. मग अलिझेला उडवणार कसं? १९८७ नंतर ती जमिनीवरूनच गस्त घालू लागली आणि १९९१ मध्ये निवृत्त. डेकवरचं काम सी किंग हेलिकॉप्टरने घेतलं, जे एका जागी थांबून सोनार, म्हणजे आवाजाने पाणबुडी शोधणारं यंत्र, पाण्यात सोडू शकतं. फ्रान्सने मात्र आपली अलिझे पार २००० सालापर्यंत ओढली, मधे नवं इग्वान रडार वगैरे बसवून. शेवटी शेवटी ती पाणबुडीपेक्षा समुद्रावरची जहाजं शोधायलाच जास्त वापरायचे, कारण अणुपाणबुडीला स्नॉर्कल काढायची गरजच नाही आणि तिच्यापुढे या विमानाचं काही चालायचं नाही.

आता नाक. चार पात्यांचा पंखा आणि त्याच्या मागे रोल्स-रॉइसचं डार्ट टर्बोप्रॉप, साधारण दोन हजार हॉर्सपॉवर. हे इंजिन काही खास लष्करी नाही, व्हायकाउंट आणि फॉकर फ्रेंडशिप या प्रवासी विमानांमध्ये तेच, आणि आपल्या कानपूरला बनलेल्या अॅव्हरोमध्येपण तेच. ज्यांनी अॅव्हरोमधून प्रवास केलाय त्यांना ती कान किटवणारी शिट्टी आठवत असेल, अलिझेचा आवाज तोच समजा. एकच इंजिन, हे मला अजून पचत नाही. रात्री समुद्रावर खालून उडताना ते बंद पडलं तर काय, याचं उत्तर फारसं छान नाही. ब्रिटिशांनी गॅनेटमध्ये नाकात दोन इंजिनं जोडून लावली, एकामागे एक दोन पंखे उलट दिशेने फिरणारे, गस्तीला एक बंद करून इंधन वाचवायचं. अमेरिकनांनी ट्रॅकरला सरळ दोन पंखांवर दोन पिस्टन इंजिनं दिली, आणि तिथे इंजिनाच्या शेंगेत मागच्या बाजूला सोनोबॉय. म्हणून फोटोत ओळखायचं असेल तर असं करा, नाकात एकामागे एक दोन पंखे दिसले तर गॅनेट, पंखांवर दोन पंखे तर ट्रॅकर, नाकात एक पंखा आणि पंखांवर बिनपंख्याच्या शेंगा तर अलिझे. ट्रॅकरच्या शेपटीतून एक लांब दांडा बाहेर येतो तोपण बघा, पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जरासं बदलतं ते मोजणारा.

फोटो काढणार असाल तर समोरून काढू नका, समोरून ते कुठल्याही पंख्याच्या विमानासारखं दिसतं. पुढच्या तिरक्या कोनातून, गुडघ्यावर बसून काढा म्हणजे एकाच फ्रेममध्ये नाक, शेंग आणि चाकाचा दांडा येतो, आणि दुसरा पोटाखालून डोमचा. दुसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा भाच्याने असेच फोटो काढले आणि शेजारी उभ्या असलेल्या एका काकांना, जे आपल्या नातवाला तीन इंजिनं दाखवत होते, त्यांना स्वतःहून शेंग समजावून सांगायला गेला. मी जरा लांब जाऊन हुक बघत उभा राहिलो.